टपावरचा ठोका

माझ्या नणंदेनं, केशरबाईनं, गेल्या वर्षी नवी पिकअप घेतली. गावातले लोक अजून मला विचारतात, की एवढी मोठी गाडी घेतली आणि हौदा मात्र आखूड कसा काय घेतला? विचारणारे सगळे पुरुष असतात आणि सगळे जन्मभर केबिनमध्ये बसलेले असतात. त्यांना तोंडानं सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

आमचं गाव वडवणीपासून जवळच, डोंगराच्या कडेला. केशरअक्का गावातल्या गावात दिलेली. दाजी गेले तेव्हा ती तिशीत होती. त्या वर्षापासून ती भाजी, आणि हंगामात सीताफळं घेऊन बीडला जाते. सोबत सावित्रीबाई, भिवराबाई आणि आम्रपाली. चौघींचा माल एका जागी, विक्री एका जागी, आणि भांडणंही एका जागी. बावीस वर्षं झाली, या चौघी कधी फुटल्या नाहीत. सीताफळ मोठं घाई करणारं फळ आहे. डोळे उघडले की दोन दिवसांत विकावं लागतं, तिसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो. म्हणून गाडी कशी आहे, चालवणारा कसा आहे, हे बघत बसायला या बायांना कधी सवड मिळाली नाही. गावात गाडी एकच होती, ती रविराजची.

रविराजच्या गाडीला एक नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. माल आणि बाया मागं हौद्यात, पुरुष पुढं केबिनमध्ये. या चौघी उजाडायच्या आधी पाट्या घेऊन हजर असायच्या, भाडं रोख द्यायच्या, आणि उभ्या मात्र पाट्यांच्या मधे. पुढच्या फाट्यावर एखाद्या बाप्यानं नुसता हात केला की केबिनचं दार उघडायचं ते त्याच्यासाठी. एकदा तर जत्रेचा बोकड केबिनमध्ये बसून गेला. बोकड! मागं ठेवला तर उडी मारील म्हणून. बायांनी कधी उडी मारली नाही, हाच त्यांचा गुन्हा म्हणायचा. आम्रपाली त्यातही सगळ्यात शेवटी, हौद्याच्या मागच्या झडपेला, फाळक्याला टेकून. तिची जागा तीच का, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत समतेचा धडा शिकवते, मीही विचारलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं.

कुणी कुरकुर केलीच तर रविराज हसायचा. "काकू, मागं लई छान हवा लागती. आमी हितं घामानं भिजून जातो."

मागच्यांनी पुढच्यांशी बोलायचं साधन एकच, केबिनच्या टपावर हातानं ठोकायचं. उतरायचं असलं की ठोका, पाटी कलंडली की ठोका, कुणाला मळमळलं की ठोका. पुढं गाणी मोठ्यानं लावलेली असायची. रविराजच्या मनात आलं तर तो थांबायचा.

दोन वर्षांपूर्वी तळ्याजवळच्या वळणावर फाळक्याची कडी निसटली आणि सावित्रीबाई रस्त्यावर पडली. बाकीच्या तिघींनी दोन्ही हातांनी टप बडवला. आम्रपालीच्या बांगड्या फुटून मनगट कापलं. गाडी थांबली ती पार पुढं, चहाच्या हॉटेलपाशी. रविराज खाली उतरून म्हणाला, "मला वाटलं पोतं पडलं. म्हणलं, येताना उचलू."

सावित्रीबाईचं खुब्याचं हाड मोडलं. पण माझ्या डोक्यात जो जाळ झाला तो वेगळ्याच गोष्टीनं. त्या दिवशी केबिनमध्ये रविराजशेजारी आमचे हे बसलेले होते. रामकिसन. लिहिताना नाव घ्यायला हरकत नाही, म्हणून घेते. केशरअक्काचे सख्खे धाकटे भाऊ. मी विचारलं, "तुमाला ठोकलेलं ऐकू आलं न्हाई?"

"आलं की," हे म्हणाले. "पण ते रोजच ठोकतेत."

मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. यांनी कोपऱ्यावरून वडे आणून खाल्ले आणि वर मलाच विचारलं, "तुला दोन ठिवू का?"

अक्का मात्र भांडली नाही. वर्षभर गप्प राहिली, त्याच गाडीत उभी राहून जात राहिली, आणि एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाली, "शिवकन्या, गाडी घ्यावी म्हणते. कागद वाचायला तू चल."

कागद वाचायला मी, आणि गाडी बघायला कोण? तर हे. आणि यांनी जाणकार म्हणून सोबत कुणाला घेतलं? रविराजला! मी बसमध्ये यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

बीडच्या त्या शोरूममध्ये विक्रेत्यानं यांना 'सर' म्हणून हात मिळवला, रविराजला बॉनेट उघडून दाखवलं आणि अक्काला म्हणाला, "मावशी, तुम्ही पंख्याखाली बसा, चहा येतोय." घेणारी ती, सही तिची, आणि तिला पंख्याखाली बसवतोय. मी तोंड उघडणार होते, पण अक्कानं माझा हात दाबला. चहा तसाच ठेवून ती उठली आणि गाड्यांमधून फिरायला लागली.

गाड्या दोन तऱ्हेच्या होत्या. एक साधी, पुढं दोघांची जागा आणि मागं लांबलचक हौदा. दुसरी डबल केबिनची. तिला पुढच्या जागेमागं तिघांची आणखी एक सीट, चार दारं, आणि मग उरला तेवढा हौदा, साधीच्या निम्म्याहून थोडा जास्त. अक्का त्या दुसऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर उभे, ती आत. हातानं सीट चाचपली, काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली. मग मान बाहेर काढून विचारलं, "ह्याला पट्टा हाय व्हय?"

"आहे ना मावशी. तिघांनाही."

"अक्का," हे म्हणाले, "ती नगं. माणसं बसवायला गाडी घेतीस का माल न्यायला? हौदा बघ की केवढुसा हाय."

रविराजनं मान हलवली. "बायांना मागंच बरं. हवा लागती."

मला वाटलं, अक्का आता तरी त्याला काहीतरी सुनावेल. ती गाडीतून उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "इचार करून सांगते."

पुढचे पंधरा दिवस सगळ्या गावानं तिच्या वतीनं विचार केला. ज्यांनी आयुष्यात सायकलचं पंक्चर काढलं नाही ते तिला हौद्याची लांबी समजावून सांगत होते. देवळाच्या पारावर ठरलं की साधीच घ्यावी, म्हणजे लग्नात वऱ्हाड बसतं आणि मिरवणुकीत डीजे मावतो. म्हणजे गाडी अक्काची आणि सोय यांच्या डीजेची!

पण खरं सांगायचं तर त्यांचं सगळंच खोटं नव्हतं, आणि अक्काला झोंबत होतं ते तेच. डबल केबिन घेतली तर हंगामात माल एका खेपेत जाणार नाही. दुसरी खेप म्हणजे डिझेल, वेळ, आणि तोवर फळ मऊ पडलेलं. भिवराबाई तर स्पष्टच म्हणाली, "केशर, आपल्याला कशाला गं शीट? इतकी वरसं उभंच गेलो की. चार क्रेट जास्ती बसू दे." मला तिचाही राग आला. मग वाटलं, जिला बावीस वर्षांत कुणी बस म्हणालं नाही, ती दुसरं काय बोलणार?

अक्का साध्या गाडीवर जवळजवळ आली होती. बुक करायला निघण्याआधी आम्ही सावित्रीबाईकडं गेलो. ती अंगणात काठी शेजारी ठेवून शेंगा फोडत होती. अक्कानं तिला सांगितलं, की तुझ्या लेकाला, सुरजलाच गाडीवर ठेवते, तो वडवणीत टेम्पो चालवतोच. सावित्रीबाईला बरं वाटलं. मग अक्का म्हणाली, "आन् तू बी चल आता बाजाराला. गाडी आपली हाय."

सावित्रीबाई शेंगा फोडतच राहिली. "मागं चढता येत न्हाई गं मला आता. तुमी तिघी जावा."

अक्का तिथून उठली ती तडक बसस्टँडवर. बीडला त्या शोरूममध्ये पोचल्यावर विक्रेत्यानं 'सर नाही आले का?' विचारलं, तेव्हा तिनं डबल केबिनच्या टपावर हात ठेवला. "ही. आन् सर येनार न्हाईत."

मला इतका आनंद झाला, की त्या विक्रेत्याचा गार चहासुद्धा मी प्यायले.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी आली. झेंडूचे हार, हळदीकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पहिली खेप निघायची होती. मला शाळा नव्हती, मीही हौसेनं गेले. यांना बीडला काम होतं, हेही आले. आता पुढं जे झालं ते वाचून कुणी हसू नका, मला अजूनही त्याचा संताप येतो.

सीताफळांचे क्रेट चढवताना भिवराबाई म्हणाली, "उघडलेली फळं खडखडाटात फुटतेत, ती शीटवर ठिवा." अक्कानं स्वतः मागचं दार उघडलं, नव्या कोऱ्या सीटवर पोतं अंथरलं आणि त्यावर क्रेट मांडले. पुढच्या सीटवर हे जाऊन बसले, कुणाला न विचारता, जसे रोज बसतात तसे. आणि मग अक्कानं चाकावर पाय ठेवला, फाळका धरला आणि हौद्यात चढली. तिच्यामागं भिवराबाई चढली. आम्रपाली चढली आणि आपोआप फाळक्यापाशी जाऊन टेकली. सावित्रीबाईला दोघींनी काखेत हात घालून वर ओढलं. मोडलेल्या खुब्यानं ती कळवळली, आणि वर म्हणते काय, "ऱ्हाऊ द्या, फळं नीट बसली न्हवं?" सुरजनं विचारलं, "काकू, निघू का?" आणि अक्का म्हणाली, "निघ."

आणि मी? दोन पदव्या घेतलेली मी? मी त्यांच्यामागं साडी सावरत चढले.

गावाबाहेर येईपर्यंत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. हवा खरंच छान लागत होती. केबिनच्या मागच्या काचेतून यांचं डोकं दिसत होतं, पांढरी टोपी, आणि त्यामागं सीटवर पट्ट्याशेजारी बसलेली सीताफळं. मग तळ्याचं वळण आलं. सावित्रीबाईनं दोन्ही हातांनी क्रेटची कड धरली आणि डोळे मिटून घेतले. अक्का तिच्याकडं बघत होती. मग एकदम उभी राहिली आणि टपावर जोरात ठोकलं.

सुरजनं गाडी कडेला घेतली. घाबरून खाली उतरला. "काय झालं काकू?"

"गाडी कुनाची हाय रं ही?"

"तुमचीच की."

"मग मी हितं काय करायले?"

अक्का फाळक्यावरून खाली उतरली, पुढं गेली आणि दार उघडलं. "किसन, उतर."

"अक्का, आता बीडपत्तुर तर..."

"उतर. मागं लई छान हवा लागती."

हे उतरले. चेहरा उतरलेला, पण उतरले. सगळे क्रेट त्यांनाच मागं चढवायला लावले अक्कानं, आणि खाली पोतं अन् कडुलिंबाचा पाला नीट घालायला लावला. पुढच्या सीटवर सावित्रीबाई बसली, पाय लांब करून, आपल्या लेकाशेजारी. मागं एका खिडकीला भिवराबाई, एका खिडकीला अक्का. आम्रपाली अजून फाळक्याशीच उभी होती. "मी बसते हितंच, जागा हुईल तुमाला," ती म्हणाली.

"जागा मोजून आनलीय," अक्का म्हणाली. "मधी बस."

आम्रपाली मधोमध बसली. पट्टा कसा लावायचा ते तिघींनाही येत नव्हतं, मग मी बाहेरून वाकून लावून दिला. जागा चारच होत्या आणि बाजार त्यांचा होता, म्हणून मी यांच्यासोबत मागं बसले.

दोन मैल हे क्रेटला घट्ट धरून बसले. मग मागून एक ट्रक आमच्या अंगावरून गेला, वारा सुटला आणि यांची टोपी उडून रस्त्यावर पडली. यांनी सवय नसल्यासारखा, भीत भीत, टपावर एकच ठोका मारला.

गाडी दहा पावलांत थांबली. तिन्ही काचा खाली झाल्या, चौघींची तोंडं बाहेर आली. "काय झालं रं किसन? पडलास का? लागलं का कुठं?" अक्का तर दार उघडून खाली उतरलीसुद्धा.

"काय न्हाई," हे म्हणाले. "टोपी पडली."

टोपी आणायला हे मागं चालत गेले आणि झटकत परत आले. हे हौद्यात चढेपर्यंत अक्का खाली उभी राहिली आणि मग आत जाऊन बसली. गाडी निघाल्यावर मी यांना विचारलं, "एका ठोक्यात थांबली. बघितलं का?"

यांनी टोपी डोक्यावर घातली नाही, हातातच धरून ठेवली.

"बघितलं," हे म्हणाले.