उन्हाअभावी बंद पडलेला फ्रीज

आमच्या ट्रकमधला फ्रीज उन्हावर चालतो, आणि दिवसाउजेडी तो आजवर एकदाच बंद पडलाय: भर मे महिन्यात, भर दुपारी, कवठे महांकाळजवळच्या माझ्या सासुरवाडीत, उन्हाअभावी. ज्यांनी मे महिन्यात तो मुलूख बघितलाय त्यांना इथंच हसू येईल. येऊ दे. मला त्या दिवशी फक्त रडायचं बाकी राहिलं होतं.

मी साताऱ्याचा. फौजेत अठरा वर्षं गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होतो. हवालदार होऊन घरी आलो, नुसत्या पेन्शनीवर बसून जीव रमेना, म्हणून छोटा ट्रक घेतला. एमआयडीसीतून सांगलीकडं मालाच्या फेऱ्या मारतो. नोकरी सुटली, पण सवयी सुटल्या नाहीत. अजून पहाटे साडेचारला उठतो, चहा मगातूनच पितो, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं माझं नाव, नंबर आणि हुद्दा घालतो. (बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, लाटण्यावरसुद्धा घातलाय. पहिले आठ दिवस तो चपातीवर उतरत होता.)

तर या ट्रकमध्ये मी फ्रीज बसवला. लोखंडी पेटीएवढा, सीटच्या मागं बसतो. केबिनच्या टपावर सोलर पॅनल, सीटखाली एक छोटी बॅटरी. पॅनलवर ऊन पडलं की बॅटरी भरते आणि बॅटरीवर फ्रीज चालतो. ऊन नसेल तर बॅटरी तास-दीड तास कशीबशी ओढते, मग मान टाकते. लोक विचारतात, ट्रकच्या मोठ्या बॅटरीलाच का नाही जोडला? मग उन्हाचं कौतुक काय राहिलं? एकूण एक वायर मी स्वतः ओढलीय, आणि तेव्हापासून मला भेटलेल्या प्रत्येक माणसाला ही सगळी माहिती उभ्या उभ्या ऐकावी लागलीय.

एका शुक्रवारी सासऱ्यांचा फोन आला. त्यांना मी मामा म्हणतो. एकशेचाळीस मेंढरं आहेत त्यांची, आणि सगळं घर त्या मेंढरांवर उभं आहे.

"पावनं, शेजारच्या वस्तीवर दोन दिसांत अकरा मेंढरं पोट फुगून गेली," मामा म्हणाले. "आमाला लस पायजे, आन हितं संपलीया. साताऱ्यात मिळती का बगा की. डॉक्टर रविवारी पाचला येतो म्हनलाय टोचाय."

लग्नाला एकवीस वर्षं झाली, मामांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी एका यंत्राला हात लावला की घरातलं दुसरं बंद पडतं, असा त्यांचा अनुभव आहे. (पाण्याचा पंप, टीव्ही आणि एकदा शेजाऱ्यांची पिठाची गिरणी. गिरणीला माझा हात लागला नव्हता, हे मी आजही सांगतो.) त्यामुळं फोन ठेवला तेव्हा माझी छाती चांगली दोन इंच फुगली होती.

साताऱ्यातल्या एका दुकानात चार बाटल्या मिळाल्या. दुकानदारानं बजावलं, "दोन ते आठ अंशांतच ठेवा. आठाच्या वर गेली आणि तशीच राहिली, की मग मेंढराला पाणी टोचल्यासारखंच."

"सोय आहे आपल्याकडं," मी म्हणालो, आणि त्याला पंधरा मिनिटं ती सोय समजावून सांगितली.

रविवारी सकाळी सहाला, घरच्या फ्रीजमधल्या बाटल्या गाडीतल्या फ्रीजमध्ये ठेवून निघालो. उंब्रजला चहाला थांबलो. तिथं टपरीवर पाच-सहा माणसं होती, म्हणजे माझ्या दृष्टीनं सभाच. फ्रीजवरचा आकडा दाखवला: चार. मग दार उघडून आतल्या बाटल्या दाखवल्या. एकजण उशिरा आला, त्याच्यासाठी पुन्हा उघडलं.

"आवं, झाका की ते दार," सुनंदा म्हणाली. "लस न्हेतोय आपन. पोरगी दाखवाय न्हाई निघालो."

"तुला त्यातलं काय कळतंय? आठापर्यंत चालतंय."

"आठाच्या वर गेलं तर?"

"तर लस पाणी. पण माझ्या गाडीत जातच न्हाई वर."

तिनं 'आठ' म्हणून मान हलवली आणि पुढं कवठे महांकाळपर्यंत मागं वळून वळून आकडा बघत बसली. मला तो माझ्या विद्येवरचा अविश्वास वाटला, म्हणून मी मिरज येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. तिला त्याचा त्रास झालेला दिसला नाही.

अकराला वस्तीवर पोचलो. ऊन असं की कोंबड्यासुद्धा ट्रकच्या सावलीत शिरायला पळत आल्या. मामा पुढं आले आणि लिंबाच्या झाडाकडं हात केला.

"पावनं, गाडी सावलीत लावा. औशद हाय आत."

"मामा, ही गाडी उन्हातच लावायची असती. ऊन खाऊन गार हुती ती."

मामांनी आधी सूर्याकडं बघितलं, मग गाडीकडं. "आमच्याकडं ऊन खाऊन कुनी गार झाल्यालं बगितलं न्हाई. त्यापरीस घरात फ्रीज हाय, त्यात ठिवा की. मोकळाच हाय."

घरातला फ्रीज ट्रकपासून सात पावलांवर होता. पण ते माझ्या मनाला लागलं. मी म्हणालो, "आन लाईट गेली तर? एकशेचाळीस मेंढरांचा सवाल हाय. लाईट जाती, सूर्य जात न्हाई. आता पाच वाजेस्तवर माझ्या यंत्राला कुनी हात लावायचा न्हाई. सांगून ठेवतो."

असं सांगून मी ट्रक अंगणाच्या मधोमध, जिथं सावलीचा एक ठिपकाही पडत नव्हता, तिथं नेला. मग गाडी उभी केल्यावर जे जे करायचं असतं ते सगळं शिस्तीत केलं. गिअरमध्ये टाकली, चाकामागं दगड लावला, झाकायचं ते झाकलं, बांधायचं ते बांधलं, आणि हातपाय धुऊन जेवायला बसलो. मामींनी मटण केलं होतं. तीन भाकरी खाल्ल्या आणि घराच्या पुढच्या सोप्यात आडवा झालो.

चारला जाग आली तेव्हा अंगणात वस्तीवरची सात-आठ माणसं जमली होती. मामांनी "जावयाचं यंत्र बघाय या" असं सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा! मी तोंडावर पाणी मारलं, टोपी घातली आणि केबिनच्या पायरीवर उभं राहून सूर्याची शक्ती या विषयावर बोलायला लागलो. सुनंदा गर्दीतून पुढं आली.

"आवं, जरा ऐका की. मी काय म्हनते..."

"थांब गं, चाललंय न्हवं माझं," मी म्हणालो, आणि "आता बघा" असं म्हणत फ्रीजकडं बोट केलं.

आकडा नव्हता. दिवा नव्हता. आवाज नव्हता.

"दार कुनी उघडायचं न्हाई," मी ओरडलो. "असंल तेवढा गारवा जाईल. पंचेचाळीस मिनिटं हायत. दुरुस्त करतो."

मेव्हणा बापू मदतीला केबिनमध्ये चढला. त्याला विचारलं, "मोबाईल लावला हुतास का माझ्या बॅटरीला?" नाही म्हणाला. मामींना विचारलं, "कुनी ह्यात काय गरम ठिवलं?" मामी तर केबिनच्या जवळसुद्धा आल्या नव्हत्या. मग सुनंदाकडं वळलो.

"तू दार उघडलं हुतंस?"

"व्हय, तेच तर सांगतीया..."

"बघा! मला वाटलंच!" मी सगळ्यांकडं बघून म्हणालो. "आता एक शब्द बोलू नकोस."

तिनं पदर खोचला आणि ओट्यावर जाऊन बसली. मी मीटर काढला. केबिनमध्ये अंधार होता, वायरींचे रंग दिसेनात, म्हणून बापूला टॉर्च धरायला लावला.

"दाजी, चारच वाजल्यात की," बापू म्हणाला. "आत इतका अंदार कसा?"

"तू टॉर्च सरळ धर."

बॅटरी बघितली, रिकामी. जोड बघितले, पक्के. पॅनलकडून येणाऱ्या वायरीला मीटर लावला, शून्य. पुन्हा लावला, शून्य. मी घामानं निथळत बाहेर डोकं काढलं आणि निकाल जाहीर केला की पॅनल जळालं, माल खोटा निघाला, माझ्या कामात काही दोष नाही. माणसं मामांच्या तोंडाकडं बघत होती आणि मामा लांब, माळाकडं बघत होते. तिकडून मेंढरं परत येताना दिसत होती. त्या क्षणी मला खरंच वाटलं की पॅनलऐवजी मी जळालो असतो तर बरं झालं असतं.

मग मामा सावकाश ट्रकजवळ आले.

"पावनं, राग न्हाई ना यायचा? एक इचारू?"

"विचारा, मामा."

"ऊन वरनं येतंय. मग त्या यंत्रावर ताडपत्री कशापायी घातलीया?"

मी खाली उतरलो. दहा पावलं मागं गेलो आणि वर बघितलं. टपापासून समोरच्या काचेपर्यंत, दोन्ही आरशांसकट, अख्खी केबिन हिरव्या ताडपत्रीखाली गाडलेली होती. चार कोपऱ्यांना चार गाठी, दोऱ्या कशा ताठ!

"कुनी घातली ही?" मी गरजलो. "आन कुनाची हाय?"

बापूनं कोपरा हातात धरला आणि मोठ्यानं वाचलं. पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि हुद्दा. तिन्ही माझे.

आता फौजेतलं एक सांगायला हवं. तिथं गाडी उभी केली की पहिलं काम, चमकणारं सगळं झाकायचं. काच, आरसे, दिवे. वरून कुणाला चकाकी दिसता कामा नये. अठरा वर्षं हात तेच करत आले, आता त्यांना डोक्याची परवानगी लागत नाही. ती ताडपत्री टपावर गुंडाळून ठेवायची सोयही माझीच, दोरी ओढली की खाली येते. सकाळी मी भर उन्हात जागा शोधून ट्रक लावला, आणि लगेच सूर्यापासून लपवला.

"मग कुनी बोलला का न्हाई?" मी बारीक आवाजात विचारलं.

"आमाला वाटलं त्येची पद्धत तशीच असंल," मामा म्हणाले. "शिकल्यालं मानूस तुमी. आन हात लावायचा न्हाई म्हनला हुता."

मी त्यांच्यासमोर हात जोडले. "मामा, लस गेली. सगळी चूक माझी."

आता दार उघडायला हरकत नव्हती. उघडलं. आत चारांतली एकही बाटली नव्हती. पाणी झालेली लस तरी असायला हवी होती की नाही?

"झालं का बोलून तुमचं?" ओट्यावरून आवाज आला. "मग आता मी बोलू?"

"बोल गं बाई," मी म्हणालो.

"लस घरातल्या फ्रीजात हाय. बारा वाजल्यापास्नं."

"तिथं कशी गेली?"

"मी न्हेली. सकाळपास्नं आठ आठ करत हुता न्हवं? दर थोड्या येळानं जाऊन आकडा बगत हुते. चाराचा पाच झाला, पाचाचा सहा. सहावरनं सातावर गेला तशा काढल्या आन घरात ठिवल्या. तुमी घोरत हुता. उठल्यावर सांगाय आले तर भाशान चालू. मग म्हनला, एक शब्द बोलू नको."

मी पळत घरात गेलो. दह्याच्या भांड्याशेजारी, पातळ फडक्यात गुंडाळून, चारही बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. हात लावला, गार. तिथंच फ्रीजसमोर जमिनीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला सांगू? मामींनी विचारलं, "काय झालं, पावनं?" मी म्हणालो, "काय न्हाई मामी, गार वाटतंय हितं." दिवसभर लाईट एकदाही गेली नव्हती, हेही तेव्हाच कळलं.

डॉक्टर सव्वापाचला आले. बाटल्या हातात घेऊन म्हणाले, "छान गार ठेवलीय लस. एवढ्या उन्हात आणली कुणी?"

मी मान खाली घातली. मामा पुढं झाले.

"आमच्या जावयानं," ते म्हणाले. "उनावर चालनारं यंत्र हाय त्येंच्याकडं. साताऱ्याहून आनली."

एवढंच. पुढचं काही नाही. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला. ते राहिलं बाजूला, मी डॉक्टरांना बाजूला घेऊन वायरींची सगळी जोडणी समजावून सांगितली. एकशेचाळीस मेंढरं टोचून होईपर्यंत माझं चालूच होतं. सुनंदानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग मात्र मी थांबलो.

मामांचं एकही मेंढरू गेलं नाही. घरी आल्यावर सुनंदानं पांढऱ्या रंगाचा डबा माझ्यापुढं ठेवला आणि पॅनलच्या कडेला ठळक लिहून घेतलं: 'झाकू नये'. ही सूचना सगळ्या जगात एकाच माणसासाठी आहे, आणि परवा साताऱ्यात गाडी लावताना त्यानं ती ताडपत्रीखाली झाकली.