दुसरा फटका कुणाचा?

भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... तरी हे लिहून राहिले. हसायचं तर हसा.

नायगाव तालुक्यातलं आमचं गाव. भर दुपारी नळावर धुणं धूत होते. शेजारचा माणूस बायकोला भिंतीला रेटून तिचा गळा दाबत होता. गल्लीत चौथं कुणी नव्हतं. मी उठले आणि हातातलं धोपाटणं त्याच्या खांद्यावर घातलं. एकदाच! जास्त मला झेपत नाही. तो आडवा झाला, बायको देवणीला माहेरी पळाली. आणि मारहाणीची केस झाली माझ्यावर!

कोर्टानं मोफत वकील दिली. नातीच्या वयाची, हुशार पोरगी.

"आजी, तुम्ही तिथं नव्हताच असं म्हणू. तो दारू पिऊन पडला."

"व्हते की! मीच हाणलं."

"अहो, शिक्षा होईल!"

"बायकोला वाचवायला हाणलं, ते सांगा."

"ती भ्यालीय, साक्षीला येत नाही. शाबित कसं करायचं?"

"मग खोटं बोलू? जन्मात एक मर्दुमकी केली, तीबी तुम्ही पुसून टाका!"

तिनं कपाळाला हात लावला. पण उलटतपासणीत तिनं तिचंच चालवलं. त्याला म्हणाली, "तुम्हाला कुणी मारलंच नाही, तुम्ही दारूत पडलात!"

तो उसळला. "पडलो? दोघींनी मारलं मला! म्हातारीच्या दणक्यानं मी बायकोचा गळा सोडला, तरी त्या तरणीनं पाठीत घातलं!"

जज्जसाहेबांनी मान वर केली. "म्हणजे गळा धरला होता?"

त्यानं जीभ चावली.

"आणि तरणी कोण?"

"हिच्याच तोंडावळ्याची. कपाळावर हेच गोंदण. हिरवं लुगडं."

माझा हात कपाळावरच्या गोंदणाकडं गेला. तरणेपणी माझं ठेवणीतलं लुगडं हिरवंच होतं. पण ती तरणी मी?... ती बावळट तर शेळी हाकलायलासुद्धा सासूची परवानगी मागायची! तिनं बोलावलं तर मांजर वळून बघत नसे!

माझी पाळी आली. "हाव साहेब, मीच मारलं, तिचा जीव वाचवायला. पर खांद्यावर. पाठीतलं माझं न्हाई."

वकीलबाईनं डोळेच मिटून घेतले.

गळा धरल्याचं त्याच्याच तोंडून निघालं होतं; सुटले मी. बाहेर येऊन ती म्हणाली, "आजी, जिंकलात. पण ती दुसरी कोण हो?"

काय सांगू? मार खांद्यालाही होता, पाठीलाही — डॉक्टरनंच साक्षीत सांगितलं. मला आजवर उलगडा झालेला नाही. माझ्या फटक्याचा मला अभिमान आहेच... पण खरं सांगू? त्या हिरव्या लुगड्यातल्या भित्रीच्या फटक्याचा जास्त आहे.