चपला जिथे, फोन तिथे

फसवणूक झाली ती सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या काकूंची. २०१६ साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, पानं वाढायच्या जरा आधी. फसवणारे परके नव्हते. आपलेच, पुण्या-मुंबईचे, काकूंच्या हातची पुरणपोळी खाणारे.

“चपला जिथे, फोन तिथे!” दार उघडताच काकू म्हणायच्या आणि कॉरिडॉरमधला चपलांचा रॅक दाखवायच्या. वरचा कप्पा फोनचा.

हे त्या अमेरिकेत शिकल्या. कंपनीच्या कामाला गेल्या असताना त्यांनी अमिश लोकांची वस्ती पाहिली. घोडागाडीतून हिंडणारी माणसं. टेलिफोन घरात नाही. रस्त्याकडेच्या खोपटात, चार शेजाऱ्यांत मिळून एक.

“त्यांना फोनचा राग नाही गं,” काकू सांगायच्या. “तो घरात आला तर माणसं जवळ येतील की लांब जातील, एवढंच विचारतात. आणि ठरवतात सगळे मिळून.”

म्हणून काकूंनीही सक्ती केली नाही. दर रविवारी त्यांच्याकडे आम्हा मराठी मंडळींची पंगत बसायची, तिथे सरळ विचारलं, फोन बाहेर ठेवायचे का? रॅफल्स प्लेसचा एक बँकवाला कुरकुरला, “काकू, ऑफिसचा फोन आला तर?”

“रॅकशेजारी स्टूल ठेवलंय. बस आणि बोल. कोण अडवतंय?”

सगळे हसले. सगळ्यांनी हात वर केले. त्यानेही.

त्या रविवारी मला उशीर झाला. मी दारात सँडल काढत होते, काकू बाहेर आल्या, आणि रॅकमधले फोन एकदम थरथरले. फक्त काकूंचा गप्प. समोरच्याच पडद्यावर अक्षरं उमटली: “अमिश आजींचं प्रवचन सुरू व्हायच्या आत जेवून कटा.” पाठवणारा तोच बँकवाला. आत पानावर बसून, खिशातल्या दुसऱ्या फोनवरून! काकूंना वगळून यांनी वेगळा ग्रुप केला होता. मलाही घेतलं नव्हतं. मी काकूंची चमची ना!

काकूंनी वाचलं. आत जाऊन सगळ्यांना वाढलं, आग्रह करकरून. तूप वाढताना बँकवाल्यापाशी थांबल्या.

“नाही म्हणायचं होतंस रे. मी ऐकलं असतं.”

पुन्हा पंगत बसली नाही. रॅकवर आता काकूंचाच एक जोड असतो. स्टूल मात्र त्यांनी हलवलेलं नाही.

आणि यांनी काय केलं? एकेकाने “सॉरी काकू” असा मेसेज टाकला, पुढे जोडलेल्या हातांचं चित्र! काकूंचा फोन बाहेर रॅकमध्ये थरथरतो. काकू बघायला जात नाहीत.

तुम्ही त्या पंगतीतले असाल, तर मेसेज बंद करा. फोन कुठे ठेवायचा ते माहीत आहेच. एलआरटीची गाडी पकडा, बेल वाजवा आणि तोंडाने माफी मागा.