ड्रायव्हरने काय बघायचं?

प्रवासातल्या गमती मागच्या सीटवर साचतात आणि राग ड्रायव्हरच्या सीटवर. टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या आमच्या मराठी कंपूत कुणी फिरून आलं की रविवारी चहाला फोटो दाखवायची पद्धत आहे. आमच्या पश्चिम जपानच्या ट्रिपचे फोटो माझ्या नवऱ्याकडे, मंदारकडे आहेत. सासऱ्यांकडे आहेत. शाळकरी लेकीकडे, इराकडेसुद्धा आहेत. माझ्याकडे एकही नाही. कारण टोकियोपासून पार तिकडे गाडी मी चालवली! म्हणून मी आपली किस्से सांगते.

* * *

गाडी मीच का, ते आधी ऐका. मंदार पुण्यात कॉलेजपासून गाडी हाणतोय. त्याला वाटलं, जपानी लायसन्स म्हणजे आपलं दाखवायचं आणि त्यांचं घ्यायचं. पण इथे टेस्ट असते. वळण्याआधी आरशात बघायचं, मग मान वळवून बघायचं, आणि शेजारी बसलेल्या परीक्षकाला दिसेल असं बघायचं. मंदार नापास. पुन्हा गेला, पुन्हा नापास!

"मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो," तो बाणेदारपणे म्हणाला.

मी पहिल्या फटक्यात पास. उतू जाणारं दूध, कुकरच्या शिट्ट्या आणि पोरीचा अभ्यास एकाच वेळी बघणाऱ्या बाईला तीन आरसे म्हणजे काय हो!

सासू-सासरे पुण्याहून आले तेव्हा नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, "गाडी कोण चालवणार?"

मंदार म्हणाला, "आम्ही आहोत ना!"

आम्ही!

* * *

प्लॅन मंदारचा. एक्सेलमध्ये. कुणाला कुठे बाथरूमला लागेल तेसुद्धा त्यात होतं. नारा आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी, कारण तिथली हरणं. हिमेजीचा किल्ला नानांसाठी, कारण सह्याद्रीतले गड त्यांचे पालथे घालून झालेत. आणि माझ्यासाठी एकच गोष्ट, तोयोओकाचा करकोचा.

तोयोसुच्या माझ्या ऑफिसातल्या सातो-सान त्या गावच्या. हा पक्षी जपानातून पार नाहीसा झाला होता, तिथल्या लोकांनी पिल्लं वाढवून पुन्हा मोकळी सोडली, आणि त्याच्या पोटाला मिळावं म्हणून कितीतरी शेतकरी भातावर औषध मारत नाहीत, हे सगळं त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. सांगताना त्यांचा डबा तसाच राहिला. तेव्हापासून मला तो बघायचा होता. बाकी माझी काही मागणी नव्हती.

* * *

पुढची सीट नानांची. वडीलधारे ना! गाडी ऑटोमॅटिक, तरी नानांचा पाय सारखा ब्रेक शोधत होता. नेव्हिगेशनची बाई जपानीत बोलायची, इरा मागून मराठीत सांगायची, आणि नानांचा दोघींवरही विश्वास नव्हता.

"मुग्धा, काच खाली कर. कुणाला तरी विचारू."

"नाना, आपण एक्सप्रेसवेवर आहोत."

"मग हळू कर ना जरा!"

* * *

डोंगरातला रस्ता लागला आणि माझा खरा छळ सुरू झाला. मागून इरा किंचाळली, "सारु!" म्हणजे माकड. लगेच मंदार, "अगं ते बघ, ते बघ! पिल्लू आहे पोटाशी!"

मी मान वळवणार, तोच नाना ओरडले, "तू समोर बघ!"

पुढे हरीण आलं. "ते बघ! समोर बघ!" मग ससाणा का घार, त्यावरून गाडीत वाद. "ते बघ! समोर बघ!" अरे, एक काय ते ठरवा! मी सगळ्या डोंगरात फक्त ट्रकची मागची बाजू बघितली.

* * *

नारामध्ये तरी हरणं बघू म्हटलं. पार्किंग फुल्ल. "तू लावून ये, आम्ही होतो पुढे," मंदार म्हणाला. मी गल्ल्यागल्ल्यांतून फिरून, गाडी लावून, धापा टाकत पोचले, तर मंडळी परत निघालेली! आईंच्या हातातली बेसनाच्या लाडवांची कागदी पिशवी एका हरणाने हिसकावली होती. तिथे विकत मिळणाऱ्या बिस्किटांशिवाय त्यांना काही घालायचं नसतं, म्हणून इरा "दामे! दामे!", म्हणजे नाही, नाही, करत हरणालाही रागावली आणि आजीलाही. लाडू वाचले, पिशवी गेली.

"पण वाकून नमस्कार करतात गं," आई खूश होत्या. "तू बघायला हवं होतंस."

पिशवीविना लाडू मात्र मलाच धरायला दिले.

* * *

हिमेजीच्या किल्ल्यात बूट काढून पिशवीत घालायचे आणि मोज्यांवर शिडीसारखे जिने चढायचे. नाना भारावले. वर पोचल्यावर त्यांनी पुण्याला भावाला व्हिडिओ कॉल लावला.

"हे बघ, कसा राखलाय किल्ला! आणि मंदारने टोकियोपासून गाडी आणली बरं का, स्वतः!"

मंदार शेजारीच होता. त्याने हात हलवला! मी पाच जणांच्या बुटांच्या पिशव्या धरून उभी होते. आईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यातल्या दोन पिशव्या काढून घेतल्या.

खाली आल्यावर मी मंदारला गाठलं. तो म्हणाला, "अगं, त्यांना कुठे समजावत बसणार!"

* * *

आणि तोयोओका. करकोच्यांच्या केंद्राच्या दारात गाडी उभी केली, तर फाटक बंद. सोमवारी सुट्टी! ज्या एक्सेलमध्ये सगळ्यांची बाथरूमं होती, त्यात ही सुट्टी नव्हती.

"पक्षीच आहे गं," मंदार म्हणाला. "फोटो दाखवतो ना तुला."

संताप झाला. तशीच निघाले. डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायलाही स्टिअरिंगवरचा हात काढायची सोय नव्हती. जेवणं झालेली, त्यामुळे थोड्याच वेळात नाना घोरायला लागले. मंदार त्यांच्याही वर. इराची मान कलंडली. मी रागारागाने शेतांतल्या अरुंद रस्त्याला गाडी घातली.

आणि समोर तो उभा होता. रस्त्याच्या मधोमध. पांढराशुभ्र, पंखांची टोकं काळी, पाय लाल, उंची जवळजवळ आमच्या इराएवढी. मी हळूच गाडी थांबवली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला काही घाई नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. गाडी थांबल्याने नाना चाळवले. डोळे मिटलेलेच. "काय झालं? का थांबलीस गं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आईंचा आवाज आला. त्या जाग्याच होत्या.

"ती समोर बघतेय. झोपा तुम्ही."