न उतरणारा गुलाबी रंग

तुम्ही दोघं फोनवर हसता, "परीक्षा मुलांची, आजीला कसली धाकधूक?" म्हणून गेल्या महिन्यातली गोष्ट लिहिते.

हडपसरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बाहेरची परीक्षक होते. प्रयोग साधा होता. एका द्रवाच्या रेणूतून क्लोरीन सुटतो, आम्ल तयार होतं आणि फ्लास्कमधला गुलाबी रंग जातो. सुटणाऱ्या क्लोरीनला पाणी सावरून धरतं; अ‍ॅसिटोनला ते नीट जमत नाही. म्हणून पाणी जास्त असेल तर रंग झटकन जातो, अ‍ॅसिटोन जास्त असेल तर रेंगाळतो. प्रत्येकाला दोन्ही मिश्रणं करून वेळ मोजायची होती.

अ‍ॅसिटोन जास्त असलेल्या फ्लास्कमधला रंगही सगळ्यांचा गेला. फक्त एका मुलीचा गुलाबीच राहिला. ती विदर्भातली, इथे खोली घेऊन राहणारी. नोकरी ठरलेली, पण या परीक्षेत पास झाली तरच.

कॉलेजचे सर माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, हिला संक्रांतीपर्यंत मुदत द्यायची का?"

शेजारची मुलगी कुजबुजली, "अगं, थोडं पाणी टाक ना. कोण बघतंय?"

मी बघत होते. तिचा हात पाण्याच्या बाटलीपर्यंत गेला, थांबला आणि मागे आला.

"का नाही टाकलंस?" मी विचारलं.

ती दचकली. "मोजून दिलंय तेवढंच पाणी आहे यात, मॅडम. फ्लास्क धुतल्यावर मी अ‍ॅसिटोननं विसळून वाळवला जी. वेळ लागणारच."

मी बाकीच्या टेबलांकडे पाहिलं. बहुतेकांनी फ्लास्क धुऊन नुसते झटकले होते. इतक्याशा द्रावणात रंग लवकर घालवायला काचेला चिकटलेलं पाणीसुद्धा पुरतं. पण अंदाजावर मार्क देता येत नाहीत. शेजारच्या मुलीला मी फ्लास्क वाळवून प्रयोग पुन्हा करायला लावला.

आता दोन फ्लास्क गुलाबी. वेळ संपली. सर घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. ती मुलगी फ्लास्कवरची नजर काढेना.

मग तिच्या फ्लास्कमधला रंग फिका झाला, आणि गेला. थोड्या वेळाने शेजारणीचाही. मी विदर्भातल्या मुलीचे मार्क लिहिले, पूर्ण.

"म्हणजे आता सगळ्यांनाच पुन्हा करायला लावायचं?" सरांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आणि चहा सांगा. वेळ लागणार आहे."