शिकण्याची तयारी नाही

कापड गिरणीच्या तपासणी खात्यात तिला सगळे घार म्हणत. उजेडाच्या काचेवरून कापड सरकायचं आणि सुटलेला धागा असो की तेलाचा पुसट डाग, तिच्या नजरेतून काही निसटायचं नाही. नवरा गेला तेव्हा पोरगी एवढीशी होती. त्या काचेपुढे उभं राहूनच घारीने तिला कॉलेजात घातलं. पायाच्या शिरा फुगल्या, पण कधी ब्र काढला नाही.

पोरगी हुशार निघाली. कॉलेजांची संशोधन स्पर्धा होती. विषय, बदलती कामं आणि कामगारांची कौशल्यं. "तुमच्याच गिरणीत पाहणी करते आई. सुरुवात तुझ्यापासून," म्हणत तिने भांडी घासणाऱ्या आईसमोर मोबाइल धरला.

"नवं मशीन आलं तर शिकाल का?"

पोरीच्या तोंडून 'शिकाल' ऐकून घारीला हसू फुटलं. "या वयात काय शिकवतेस बाई मला! आता मेल्यावरच शिकेन."

दोघी पोट धरून हसल्या. खरं तर कॅमेऱ्याने कापड तपासणारं नवं मशीन येणार होतं. त्यावर मला घ्या, म्हणून ती गिरणीच्या मोठ्या साहेबांना दोनदा भेटून आली होती. दोन्ही वेळा हात हलवत परतली. तो अपमान घरी कशाला सांगायचा?

स्पर्धेच्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून मागच्या रांगेत बसली. पोरगी मंचावर ठसक्यात बोलत होती. "चाळिशीपुढच्या बायकांची शिकण्याची तयारी नाही. प्रशिक्षण तरुणांनाच द्यावं." आणि मग सभागृहात घारीचाच आवाज घुमला, "आता मेल्यावरच शिकेन." हास्याचा फवारा उडाला. शेजारच्या बाईने वळून पाहिलं, तशी घारही हसली.

पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांत तेच मोठे साहेब होते. "आम्ही कधीपासून हेच सांगतोय," असं म्हणत त्यांनी पोरीची पाठ थोपटली.

परतताना पोरगी म्हणाली, "गप्प का? तुझं नाव कुठे घातलं मी?"

"आवाज माझाच होता ना? मशीनवर घ्या म्हणून मी दोनदा गेले होते साहेबांकडे."

पोरगी थबकली. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, माझी पोरगी विचारतेय."

पोरगी रडली. उद्याच दुरुस्ती कळवते म्हणाली. पण उद्या सत्कार निघाला, परवा गिरणीच्या प्रशिक्षण विभागातून नोकरीचं बोलावणं आलं. दुरुस्ती राहिली ती राहिलीच.

मशीन आलं. त्यावर तरुण पोरं बसली आणि घारीला गठ्ठे बांधायला पाठवलं. बरोबरच्या बायका तोंडावर म्हणाल्या, "तुझ्याच लेकीने आमच्या पोटावर पाय दिला."

"तिने काय केलं? साहेबांच्या मनात आधीपासूनच होतं," घार ताडकन म्हणाली. बोलताना नजर मात्र खाली होती.

एका दुपारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरगी गठ्ठ्यांपाशी आली. "आई, चल ना, वर माझ्याबरोबर जेव."

"नको. इथे बायकांत बरी आहे मी."

"अजून रागावली आहेस?"

"रागावून जाऊ कुठे? संध्याकाळी एकाच घरात यायचंय दोघींना."

घारीने गठ्ठ्यावर गुडघा रोवला आणि दोरी करकचून आवळली.