नाव नसलेल्यांचं पान

मागच्या पितृपक्षात मी इथेच, आपल्या वाडीच्या ग्रुपवर, तुम्हाला वड्यांचं पीठ कसं भिजवायचं ते सांगितलं होतं... आठवतंय का कुणाला? नाहीच आठवणार. अंगठा दाबलात, "छान आजी" म्हणालात आणि पुढे सरकलात. वर विसराळू मला म्हणायचं.

असो. मी बोलते आणि नात मानसी लिहिते. मधेमधे हसते ती, तिकडे लक्ष देऊ नका.

परवा आमच्या ह्यांची तिथी होती. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. भाताला लोंब्या निसवलेल्या, तेरडा फुललेला आणि ढग असे खाली आलेले की अंगणाच्या कडेला येऊन बसलेत, कुणी या म्हणायची वाट बघत...

घर मात्र गप्प होतं. माझा मुलगा सुरेश आणि त्याची ही लेक मानसी, गणपतीच्या आधीपासून दोघांचा अबोला.

कारण ऐका. मानसी महाडला शाळेत सायन्स शिकवते, तिथेच खोली घेऊन राहते. तिकडच्या एका हॉलमध्ये जाहीर चर्चा होती... उत्क्रांती हा नुसता सिद्धांत, की घडलेली खरी गोष्ट? लेक स्टेजवर बसणार म्हणून सुरेश इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत.

मानसीनं सांगितलं की जीव बदलत आले, हे खरंच घडलंय. खडकांत, हाडांत त्याच्या खुणा आहेत. ते कसं घडलं याची पुराव्यानिशी केलेली उकल, तिला सिद्धांत म्हणतात. अंदाजपंचे बोलणं म्हणजे सिद्धांत नव्हे.

तोवर आमचा हिरो उठला. "ते काय ते सिद्धांत तुझ्यापाशी ठेव. माझा आजा माकड नव्हता." टाळ्या पडल्या.

मानसी माईकवर म्हणाली, "नव्हतेच, पप्पा. पण समोरच्याचं न ऐकता ओरडायचं, हे आपल्यात कुठून आलं ते शोधायला हवं." मग सगळा हॉल हसला.

झालं. टाळ्या मिळालेल्या तो विसरला, हसू तेवढं लक्षात ठेवलं. आणि हिच्या मनात, परक्यांच्या टाळ्या घ्यायला बाप माझ्याविरुद्ध उभा राहिला. गणपतीत आली नाही. दरवर्षी मखर तीच सजवते, यंदा ते बोडकंच राहिलं.

मला रोज एकच विचार. मी गेले की माझं पान मांडायला ही दोघं एका अंगणात उभी राहतील का...

आजोबांची तिथी म्हणून मानसी परवा आली. ती गोठ्याच्या बाजूला उभी, हा तुळशीपाशी. मधे सगळं अंगण.

वडे, खीर, अळू, काळ्या वाटाण्याची आमटी असं सगळं वाढून सुरेशनं ह्यांचं पान अंगणाच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर ठेवलं. शेजारी मी आणखी एक पान ठेवलं. "हे कुणाचं गो आये?" सुनेनं विचारलं. म्हटलं, नाव नसलेल्यांचं. आजा, पणजा ठाऊक असतो. त्याच्या मागचे काय कमी उपाशी असतील?

कावळा काही येईना. तो पानाला शिवल्याशिवाय जेवायचं नाही, ही आमची रीत. त्याला काहीतरी कबूल करावं लागतं, गेलेल्या माणसाची इच्छा. सुरेश म्हणाला, "बाबा, कौलं नवी घालतो." कावळा नाही. "बाबा, विहिरीचा गाळ काढतो." नाही. बाबांना काय हवं होतं ते सगळ्यांना दिसत होतं, पण त्याच्या तोंडून निघेना.

वाट बघता बघता मला खांबाशी डुलकी लागली. आणि डुलकीत मी पानं मांडत गेले... एकामागून एक, अंगण उतरून, शेताच्या बांधावरून, ढगात. आधीच्यांना वडे वाढले. पुढच्यांना चूल ठाऊक नव्हती, त्यांना उंबरं दिली. मग हातांची बोटं लांब झाली, अंगावर लव आली, तरी माझ्याकडे बघायची नजर घरचीच. पानं सावित्री नदीच्या पाण्यापर्यंत गेली. शेवटचं पान पाण्यावर सोडलं, तर खालून कुणीतरी हळूच तोंड वर काढलं... आणि मला मुळीच भीती वाटली नाही.

जाग आली ती सुनेनं दचकून घेतलेल्या श्वासानं. गडग्यावर माकड बसलं होतं, लाल तोंडाचं. नाव नसलेल्यांच्या पानापाशी.

आमच्या वाडीत माकडाचा पाहुणचार गलोलीनं होतो. शेतं ओरबाडतात हो ती. सुरेशनं गलोल ताणली... आणि ताणलेलीच ठेवली. माकडानं खीर हुंगली, वडा बाजूला सारला, केळं उचललं आणि शांतपणे सोलायला लागलं.

सुरेशनं गलोल खाली घेतली. माकडावरची नजर न काढता विचारलं, "मानसे, ह्यो आपला कोण लागतो?"

"चुलत, पप्पा. खूप लांबचा. आजोबा नव्हे."

"म्हंजे भावकीच."

"भावकीच."

"मग खाऊ दे. भावकीला पानावरनं उठवायचं नाय." आणि मग तिच्याकडे वळून, "तू पण चल. सकाळपासनं उपाशी हायेस."

ती अंगण ओलांडून आली. मी आत जाऊन उगाच भांडी वाजवली. बाहेर आले तोवर ह्यांच्या पानावर कावळा होता.

जेवताना मानसी कानाशी म्हणाली, "आजी, तिथीच्या पानावर अख्खं केळं कोण ठेवतं?" म्हटलं, विसरले गो... वय झालं.

बाकी वडे आम्ही करू. मुंबईकरांनो, पुढच्या पितृपक्षात केळी तेवढी पाठवा. चांगली घडभर पाठवा, भावकी मोठी आहे.